फेब्रुवारीतच ऊन तापले, तर हापूसचे काय करावे?

आपल्या बागेचा हा पहिलाच हंगाम असल्याने आधीच सांगतो: थंडीने आलेला भरगच्च मोहोर पाहून पेट्यांचा हिशेब मांडू नये. वसंताची ऊब फेब्रुवारीतच कडक उन्हात बदलली आणि पारा ३५ अंशांपुढे गेला, की पानांतून उडून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येत नाही आणि वाटाण्याएवढी कैरी देठापासून सुटू लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे फळे वाटाणा, गोटी व अंड्याएवढी असताना मोठ्या झाडाला दर खेपेस १५० ते २०० लिटर पाणी द्यावे आणि आळ्यात वाळलेले गवत पसरावे. मोहोर येण्यापूर्वी मात्र पाण्याचा मोह टाळावा (नवखे इथेच चुकतात, मीही चुकलो होतो), कारण तेव्हा पाणी मिळाले तर झाड मोहोराऐवजी पालवी धरते.