मुलगा तिकडून "परत येऊ का" म्हणतोय, काय सांगायचं?

गेल्या काही वर्षांत बडोद्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांचा हा प्रश्न अगदी ठरलेला झालाय. मुलगा नाहीतर मुलगी युरोपात मास्टर्सला गेलेली असते, पाच-सहा महिने होतात, आणि एक दिवस फोनवर हळूच विचारते की परत येऊ का. मग इकडे घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते कळ काढ, दुसरी म्हणते तिकीट काढ.

एक केस सांगते, घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दांडिया बाजारकडचं मराठी कुटुंब. वडील रिटायरमेंटला आलेले, आई घरी शिकवण्या घेतात, मुलगा इथेच इंजिनीअरिंग करून ऑक्टोबरात बर्लिनला गेलेला. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नसते म्हणून तिकडे जायचं ठरलं, पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं थोडंच आहे, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागले, त्यातले महिन्याला फक्त ९९२ हातात येतात आणि त्यातच खोलीचं भाडं, इन्शुरन्स, खाणंपिणं सगळं बसवायचं. वडिलांनी घरावर लोन काढलं होतं. मुलाला ते माहीत होतं आणि तो आकडा त्याच्या डोक्यातून जातच नव्हता.

आई पहिल्यांदा एकट्या आल्या, मार्च महिना होता. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट दाखवले, जानेवारीतला, फेब्रुवारीतला, कालचा. म्हणाल्या, "मॅडम, मागे कपाटावर डबा दिसतोय ना, दिवाळीनंतर ओळखीच्या मुलीबरोबर डिंकाचे लाडू पाठवलेले, मी लावलेली ब्राऊन टेप अजून तशीच आहे बघा. हा पोरगा स्टेशनवरून घरी यायच्या आत डबा फोडणारा." आणि प्रत्येक फोटोत तोच राखाडी टीशर्ट, पडदा ओढलेला. फोनवर मात्र रोज एकच उत्तर, ठीक आहे. मग आदल्या रविवारी तो एकदम म्हणाला, आई मी परत आलो तर चालेल का? वडिलांनी फोन घेतला आणि सांगितलं की असं सगळ्यांनाच होतं, एक महिन्यात सेट होशील.

वडिलांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. घरची आठवण येऊन रडू येणं, सणाच्या दिवशी फोन ठेववत नाही असं होणं, हे होतं आणि बऱ्याच मुलांचं ते हळूहळू ओसरतंही. पण नुसत्या आठवणीने व्याकुळ झालेलं मूल जेवतं, मित्रांबरोबर कुठेतरी जाऊन येतं, रडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी क्लासला जातं. काळजी कधी करायची, तर झोप उलटीपालटी झालीये, खाण्याची इच्छा गेलीये, खोलीबाहेर पडणं बंद, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, आणि हे दोन आठवडे उलटले तरी तसंच आहे, तेव्हा. लाडवाचा न उघडलेला डबा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटला. आईला जे खटकतं ते खटकण्यासारखंच असतं बहुतेक वेळा, तिला "उगाच काळजी करतेस" म्हणून गप्प करू नये.

मुलाची तयारी आहे का ते विचारून मग त्याच्याशी ऑनलाइन बोलले, आईवडील खोलीत नाहीत हे आधी सांगितलं. पहिली पंधरा-वीस मिनिटं तो फक्त बर्लिनच्या हिवाळ्याबद्दल बोलत होता आणि मी बोलू दिलं. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, बडोद्याच्या मुलाने असं कधी बघितलेलंच नसतं, लेक्चर संपवून बाहेर आलं की रात्र. रविवारी दुकानं बंद. वेळेत साडेचार तासांचा फरक (उन्हाळ्यात साडेतीन होतो), आई रात्री दहाला शिकवण्या-जेवणं आवरून फोन करायची तेव्हा तिथे साडेपाच, अंधार पडून दीड तास झालेला. हळूहळू तो इंडियाच्या टायमावर जगायला लागला, पहाटे इकडचे मित्र उठेपर्यंत जागायचं, त्यांच्याशी चॅट करायचं आणि मग दुपारपर्यंत झोपायचं, म्हणजे जो थोडा उजेड असायचा तोही झोपेत जायचा. पार्टटाइम काम मिळालं होतं गोडाऊनमध्ये, पॅकिंगचं, तेही थंडीत पहाटेच्या शिफ्ट चुकल्या म्हणून गेलं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. फेब्रुवारीच्या परीक्षेत दोन विषय गेले होते. घरी त्याने "पाच आले" एवढंच सांगितलं, तर वडील म्हणाले ठीक आहे, पुढच्या वेळी सात-आठ आण. तिकडे १.० सगळ्यात चांगला आणि ५.० म्हणजे नापास, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याने सुधारलंही नाही. त्याच्या कोर्सला एका विषयाला तीनच अटेंप्ट, तिसऱ्यांदा गेलं की तो कोर्सच संपतो, म्हणून आता पुढची परीक्षा द्यायचीच भीती बसलेली. तो म्हणाला, "ताई, बाबांनी घर लावलंय माझ्यावर. कुठल्या तोंडाने सांगू?"

मी त्याला थेट विचारलं, जगू नये असं वाटतं का कधी? आईवडिलांना हा प्रश्न ऐकवत नाही, त्यांना वाटतं विचारलं तर नसलेलं मनात येईल. तसं होत नाही, उलट विचारलं की मुलाला सुटल्यासारखं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, करणार काही नाही, पण झोपलो की उठूच नये असं वाटतं.

इथे मी बडोद्यात बसून सगळं करू शकत नाही हे मी स्पष्ट सांगते. त्याच्या जवळ माणूस हवा. त्याच दिवशी त्याने बाजूच्या खोलीतल्या केरळच्या मुलाला सांगितलं, माझ्याशी बोलणं चालू असतानाच जाऊन दार वाजवलं. तो मुलगा त्या रात्री त्याच्या खोलीत झोपला. त्याच आठवड्यात दोघं मिळून डॉक्टरकडे गेले, इन्शुरन्समध्ये ते बसतं पण बिचाऱ्याला वाटत होतं पैसे पडतील. आणि स्टुडिएरेन्डेनवेर्क म्हणून विद्यार्थ्यांच्या होस्टेल-कँटीनचं बघणारी जी संस्था असते, तिच्याकडे मानसिक समुपदेशनही असतं, बर्लिनमध्ये ते फुकट आहे, इंग्रजीत बोलता येतं आणि गुप्त राहतं. कँटीनमध्ये तो रोज जेवत होता, समुपदेशनाचं त्याला माहीतच नव्हतं.

आईवडिलांबरोबरचं बसणं जास्त अवघड गेलं. बाबा म्हणाले, अर्धवट सोडून आला तर दांडिया बाजारात तोंड कसं दाखवू? मी त्यांना म्हटलं, काका, याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, तिथून लंडनला, आणि १९१७ ला स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट ठेवून इथेच परत आले ना. या शहरात त्यांना जे भोगावं लागलं त्याची बरोबरी आपल्या कशाशीच होणार नाही, पण १९२० ला ते पुन्हा गेले आणि १९२३ ला लंडनची डी.एस्सी. घेतली. परत येण्याने शिक्षण संपत नाही. काका बराच वेळ हाताची बोटं मोडत बसले, मग म्हणाले, मी काय बोलू त्याच्याशी?

मी सांगितलं, लोनचं आम्ही बघतो, ते तुझं टेन्शन नाही, एवढं एक. परत यायचं असेल तर ये, कुणी विचारणार नाही, हे दुसरं. आणि "पण" लावायचं नाही. ये पण विचार कर, असं नाही.

आता तुम्हाला वाटेल अशी परवानगी दिली की पोरं लगेच बॅग भरतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उलटं होतं, दार उघडं आहे म्हटल्यावर त्यांना तिथे थांबून विचार करता येतो. सेमिस्टरच्या मधली सुट्टी चालूच होती, तो घरी आला, पहिले काही दिवस नुसता झोपला, मग वडिलांबरोबर सकाळी कमाटी बागेत चालायला जायला लागला. एप्रिलमध्ये स्वतःहून परत गेला. कोर्सच्या सल्लागाराला भेटून त्या सेमिस्टरला कमी विषय घेतले. गेलेल्यातला एक विषय सुटला, दुसरा अजून राहिलाय आणि डिग्रीला वेळ लागणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या एका घरातली मुलगी मात्र कायमची परत आली, तिने इथे नोकरी धरली आणि तिचंही बरं चाललंय, त्यामुळे थांबला तोच शहाणा असं मी कुणालाच सांगणार नाही.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी आजच्या फोनवर जेवलास का, अभ्यास चालू आहे ना, यांच्या जोडीला आज कुणाशी बोललास, काल किती वाजता झोपलास, हे विचारून बघा, या प्रश्नांना "ठीक आहे" म्हणून सुटता येत नाही. आणि मूल मरणाबद्दल, उठूच नये वगैरे बोललं असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच्या शेजारचा, वर्गातला एखादा नंबर आत्ताच मागून ठेवा. जर्मनीत इमर्जन्सीला ११२, आणि टेलेफोनझेलझोर्गे या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा ०८०० १११०१११ हा फुकट नंबर चोवीस तास असतो, तिथे मुख्यतः जर्मन बोलतात. इकडे तुमचा स्वतःचा धीर सुटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.