वाचकांचे प्रश्न : स्वमग्नतेचा दाखला

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा आहे. खासगी डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं लेखी दिलंय. तरी सरकारी दाखला लागतोच का? तपासणीला जाताना काय तयारी करावी? (एक आई, भांडुप)

उत्तर : लागतोच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा (म्हणजे ऑटिझमचा) समावेश आहे, पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा सरकारी दाखला हवा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तेच लिहा. जन्मदाखल्यावर वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

तपासणी 'इसा' या भारतीय मोजपट्टीवर होते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० झाले की ४० टक्के. गुण ठरतात ते एखादी गोष्ट किती वेळा घडते यावर. पाचातून एखाद्या वेळी घडत असेल तर १, जवळजवळ नेहमीच घडत असेल तर ५. घोळ होतो तो इथे. "हाक मारली की बघतो का?" असं विचारलं की आई पटकन म्हणते, "बघतो की!" प्रत्यक्षात दहा हाकांतल्या दोनांनाच तो वळलेला असतो. लेकराची बाजू सावरायची सवयच असते, पण तिथे सावरू नका. वाढवूनही सांगू नका. आधी आठवडाभर वही ठेवा: कितव्या हाकेला वळला, मिक्सर लावल्यावर कान झाकले का, जेवताना किती वेळा उठला. मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओही असू द्या.

दाखला मिळाला की आधी त्यावरची मुदत बघा. मग राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात नाव घाला. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत येतो. नूतनीकरण मात्र दरवर्षी करावं लागतं. थेरपीच्या मूळ पावत्या तारीख-सहीसह जपून ठेवा.

प्रश्न : २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागृती दिनी, आमच्या चाळीचं मंडळ निळी रोषणाई करणार आहे. आणखी काय करता येईल? (गिरगाव)

उत्तर : रोषणाई करा, पण घरोघरी अडलेलं असतं ते दाखल्याच्या अर्जापाशी. लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन दोन कार्यकर्ते दिवसभर बसले तर जास्त उपयोग. आणि गणपतीत रोज एक तास स्पीकर बंद ठेवून या मुलांना रांगेविना दर्शन द्या. वेळ फलकावर आठवडाभर आधी लिहा आणि पाळा. ऐनवेळी झालेला बदल यातल्या बऱ्याच मुलांना झेपत नाही.