‘दुप्पट पगाराची ऑफर आहे, पण ब्लॉकचेन कंपनी आहे. जाऊ का?’

आयटीतली जी मुलं करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात, त्यांच्यात हा प्रश्न आता नेहमीचा झालाय. पाठोपाठ घरच्यांचा प्रश्न असतो, “म्हणजे ते बिटकॉइनचंच ना?” (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, सहसा मागे न बदलता येणारी डिजिटल नोंदवही. बिटकॉइन अशाच एका वहीवर चालतं.) केतकीच्या (नाव बदललं आहे) वेळी दोन्ही प्रश्न एकदमच आले, कारण ती वडिलांना घेऊन आली होती.

केतकी 27 वर्षांची. हिंजवडीत एका ई-कॉमर्स कंपनीत बॅकएंड डेव्हलपर. कंपनी बरी, मॅनेजर समजूतदार, पगार वेळेवर. ऑफर परदेशी कंपनीची, काम घरून, आकडा आत्ताच्या पगाराच्या दुप्पट. वडील वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मॅडम, या कंपनीला ऑफिसच नाही म्हणे. आणि मुलाखत घेणाऱ्याचं खरं नाव हिलासुद्धा माहीत नाही.”

काकांची शंका रास्त होती. या क्षेत्रात टोपणनावानं काम करणारी माणसं खरोखर असतात. बिटकॉइन ज्यानं बनवलं त्या सातोशी नाकामोतोची ओळख आजही कुणाला ठाऊक नाही. सहकारी टोपणनावानं वावरत असेल तर एक वेळ चालेल, पण करारावर सही करणारी कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे आणि पैसे कुणाच्या खात्यातून येणार, हे कागदावर हवंच. मी आणखी एक विचारलं, “मुलाखतीसाठी पाठवलेला कोड कुठल्या लॅपटॉपवर चालवलास?” खोटे रिक्रूटर टेस्टच्या नावाखाली घातक कोड पाठवून उमेदवाराचं वॉलेट, म्हणजे डिजिटल नाण्यांचं पाकीट, रिकामं करतात, असे प्रकार या क्षेत्रात बरेच झालेत. केतकीनं वेगळा, जुना लॅपटॉप वापरला होता. तिला या जगाची जाण आहे, हे मला तिथेच कळलं.

मग आम्ही ऑफर लेटर पुढ्यात घेऊन बसलो. ‘दुप्पट’ आकड्यातला जवळजवळ निम्मा भाग कंपनीच्या स्वतःच्या टोकनमध्ये, म्हणजे तिनंच काढलेल्या डिजिटल नाण्यांत होता. चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळणार, आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. उरलेला निम्मा भागही पगार नव्हता, कारण ती कर्मचारी नसून कॉन्ट्रॅक्टर असणार होती. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, कंपनीचा मेडिक्लेम नाही, भरपगारी रजा नाही. फॉर्म 16 नाही, त्यामुळे आगाऊ कर स्वतः भरायचा, आणि गृहकर्ज मागताना बँक आधीच्या वर्षांची रिटर्न्स तपासणार. नोटीस पीरियड पंधरा दिवस.

टोकनवरच्या करावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण मुलं नेमकी इथेच बेसावध असतात. समजा, हातात आली त्या दिवशी टोकनांची किंमत 10 लाख होती. तेवढं उत्पन्न धरून त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो. पुढे विकताना किंमत वाढलेली असेल तर त्या वाढीवर 30 टक्के आणि वर सेस. हा नियम एप्रिल 2022 पासून आहे. आणि किंमत 3 लाखांवर आली तर? 7 लाखांचा तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे 10 लाखांवरचा कर भरायचा आणि हातात 3 लाख. केतकीला मी हे सीएकडून तपासून घ्यायला सांगितलं, त्यांनीही तेच सांगितलं.

काकांनी विचारलं, “मग कशाला हवी ही नोकरी?”

केतकीनं फोनवर त्या कंपनीचा कोड दाखवला. चाळीसेक ओळींचं एक फंक्शन, आणि त्याच्या टेस्ट कित्येक पट लांब. आत्ताच्या कंपनीत काही बिघडलं तर रात्रीत जुनी आवृत्ती परत चढवता येते, ग्राहकाला माफीचा ईमेल जातो. ब्लॉकचेनवर चढवलेला कोड सहसा असा मागे घेता येत नाही. 2016 मध्ये ‘द डाओ’ नावाच्या प्रकल्पाच्या कोडमधल्या एका चुकीतून 36 लाख इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं) निघून गेले, आणि ते परत मिळवायला अख्ख्या इथेरियम साखळीत फेरफार करावा लागला. म्हणून इथे कोड चढवण्याआधी सहसा बाहेरच्या लोकांकडून ऑडिट होतं, आणि कोड बहुतेक वेळा जगासमोर उघडा असतो. केतकी म्हणाली, “मला असं काम हवंय. आत्ता मी दर पंधरा दिवसांनी काहीतरी रिलीज करते, पण मनाचं समाधान होईपर्यंत तपासायला वेळच मिळत नाही.”

हे ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं. नेहमीच्या इंटरनेट कंपनीत कर, विमा, निवृत्तीची सोय, चूक झाल्यावरची सारवासारव असं बरंच काही कंपनी तुमच्या वतीनं वाहत असते. ब्लॉकचेन कंपनीत ते तुमच्या अंगावर येतं. ते पेलायची तयारी असेल आणि कामाची ओढ खरी असेल, तर जावं. नुसत्या आकड्यासाठी जाणाऱ्याला मी थांबवते. केतकीला थांबवायचं मला कारण दिसलं नाही.

राहिला भरवशाचा प्रश्न. कॉइनबेस या डिजिटल नाण्यांच्या बाजारानं जून 2022 मध्ये 18 टक्के माणसं कमी केली, हे काकांनी वाचलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मेटानंही 11 हजार माणसं काढली, हे मी सांगितलं. कपात दोन्हीकडे होते, पण इथे ती बाजारभावाच्या मागोमाग आणि झपाट्यानं येते. एक गोष्ट मात्र इथे उमेदवाराच्या सोयीची आहे. कंपनीची तिजोरी ब्लॉकचेनवर असेल तर ती कुणालाही बघता येते. किती पैसे आहेत यापेक्षा कशात आहेत ते बघायचं. तिजोरी स्वतःच्याच टोकननं भरलेली असेल, तर भाव पडला की पगाराचे पैसेही आटतात. 2022 मध्ये एफटीएक्स हा असाच दुसरा बाजार कोसळला त्याच्या मुळाशीही स्वतःच्या टोकनवरचा असाच भरवसा होता. या कंपनीची तिजोरी केतकीनं माझ्यासमोर उघडून पाहिली. निम्म्याहून अधिक रक्कम डॉलरशी बांधलेल्या नाण्यांत होती.

घरी जाऊन तिनं कंपनीला ईमेल केला. मूळ मानधन डॉलरमध्ये थेट बँकेत, नोटीस दोन महिने, आणि भारतातल्या कामाच्या वेळेबाहेरचे कॉल आठवड्यातून दोनच. पहिली आणि तिसरी मागणी मान्य झाली, नोटीस एका महिन्यावर आली. टोकनं शून्य धरून, मेडिक्लेम आणि पीएफइतकी बचत वजा करून तिनं पुन्हा हिशोब मांडला, तर रक्कम आत्ताच्या पगाराच्या जेमतेम वर होती. तरीही तिनं होकार कळवला.

काकांनी दोन अटी घातल्या, आणि दोन्ही मला पटल्या. आठ महिन्यांचा खर्च एफडीत ठेवायचा, आणि बाणेरच्या फ्लॅटचं बुकिंग दोन वर्षांची रिटर्न्स भरून होईपर्यंत पुढे ढकलायचं. तिसरी अट केतकीनं स्वतःच घातली. टोकनं हातात पडली की त्याच आठवड्यात निदान कराएवढी विकायची, मग बाजार चढता असो की पडता. तशी नोंद तिनं वडिलांसमोर वहीत करून ठेवली आहे.