पुराचं पाणी ओसरल्यावर घरी परतताना सुरुवात कुठून करावी?

‘उद्या घरी जातोय, आधी चिखल काढू की सामान?’ असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नंतर. आधी वीज.

आमच्याकडे कमरेपर्यंत पाणी चढलं होतं. परतलो तेव्हा मेन स्विच बंद होता, म्हणून मी निर्धास्त. घर लवकर वाळावं म्हणून पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात मेव्हण्याने मनगट धरलं. ‘इन्व्हर्टर पाहिलास का?’ तो वर माळ्यावर, कोरडा ठणठणीत, हिरवा दिवा लागलेला! मेन बंद असला तरी बॅटरीतून वायरिंगमध्ये करंट येतच होता, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ बोर्डाच्याही वर होती. तेव्हा वायरमनने तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नका. घरात अजून पाणी असेल तर मेन स्विचलाही हात नको, पुरवठा बाहेरूनच तोडून घ्या. गॅसचा वास आला तर काडी ओढायची नाही, दिवाही लावायचा नाही, सरळ बाहेर पडायचं.

लोक जनरेटर आणतात आणि पावसात भिजू नये म्हणून जिन्याखाली ठेवतात. माझ्या मते पुराइतकीच भीती याची बाळगावी. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस म्हणतो दमलोय, जरा पडतो, आणि उठत नाही. खिडक्या-दारांपासून निदान 6 मीटर लांब, उघड्यावरच ठेवा.

पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर आणखी 1 मिनिट उकळत ठेवा. पुराचं पाणी लागलेलं अन्न टाकून द्या, डबा स्क्रू-झाकणाचा असला तरी. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज साधारण 4 तासच गार राहतो, त्यामुळे आतलं दूध-भाजी वास घेऊन ठरवू नका. जीव तुटतो, पण टाका.

गाद्या फेकण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची रेघ त्यात दिसू द्या. विम्यासाठी, पंचनाम्यासाठी लागतो. बुरशी 24 ते 48 तासांत धरते, म्हणून दारं-खिडक्या उघडून ओलं सामान लगेच बाहेर काढा.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा धोका असतो. नसेल तरी गमबूट हवेतच. माझ्या एका बुटात विंचू निघाला होता. बूट उलटा करून झटकला म्हणून वाचलो.