वाचकांचे प्रश्न: गोळीमागचं सायन्स खरं कितपत मानायचं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार घेतलीत. चौघांचे विषय वेगळे आहेत पण सगळ्यांना खुपतंय ते एकच, की औषधामागचा रिसर्च खरा कितपत मानायचा. पहिल्या दोघांना जरा सविस्तर उत्तर दिलंय.

प्रश्न: मॅडम, मी सॉलिड स्टेट फिजिक्समध्ये एमएस्सी करतोय. आमच्याकडे रीडिंग थोडं जरी इकडचं तिकडे झालं तरी सर पूर्ण प्रयोग परत करायला लावतात. माझ्या मोठ्या भावाला डिप्रेशनसाठी गोळ्या चालू झाल्यात, म्हणून त्यावरचे पेपर वाचायला घेतले तर सगळीकडे 'स्कोअर दोन पॉइंटने जास्त उतरला' असलंच काहीतरी. याला सायन्स म्हणायचं का? दादाला गोळ्या घे म्हणू की नको म्हणू?
– फिजिक्सचा एक विद्यार्थी

उत्तर: आधी दादाचं बोलू. गोळ्या चालू राहू देत, त्याला मनाने बंद करू देऊ नकोस, कारण अचानक सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते आणि आजार उलटायची भीती आहे ती वेगळीच. तुला शंका असेल तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि तिथे समोरासमोर विचार. पण पेपर वाचून तुझं जे मत झालंय ते आत्ता त्याच्या डोक्यात घालू नकोस, एवढं माझं ऐक.

आता सायन्सचं. तुझ्याच विषयातला क्वांटम हॉल इफेक्ट घे, म्हणजे खूप थंडीत आणि जबर मॅग्नेटिक फील्डमध्ये रेझिस्टन्स सरळ न बदलता पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो ते. १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंगना फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या लॅबमध्ये ज्या रेझिस्टन्सच्या पायऱ्या दिसल्या त्यांच्या मुळाशी २५८१२.८०७ ओहम हा आकडा आहे, आणि सॅम्पल लांब असो, आखूड असो, त्यात थोडी घाण असो, आकडा तोच येतो, कारण तो फक्त प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा चार्ज यांच्यावर ठरतो. असा आकडा सायकियाट्रीच्या नशिबात अजून तरी नाही. आमचा आकडा माणसाशी बोलून काढावा लागतो.

मी काही वर्षं डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या औषधाच्या चाचण्यांमध्ये, हे स्कोअर लावायचं काम केलंय, म्हणून सांगते ते कसं चालतं. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये काढलेली स्केल आजही वापरतात, मुद्दे १७, जास्तीत जास्त स्कोअर ५२, स्कोअर जितका जास्त तितकं डिप्रेशन जास्त. त्यातले तीन मुद्दे नुसते झोपेचे, म्हणजे झोप लागायला वेळ लागतो का, मधे जाग येते का, पहाटे जाग आली की परत झोप लागत नाही का, आणि प्रत्येकाला ० ते २. एक काका होते, झोप कशी आहे विचारलं तर म्हणाले छान आहे, मी शून्य टाकणारच होते तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकूंनी हळूच मान हलवली, मग खोदून खोदून विचारल्यावर कळलं की रोज रात्री दोनला उठून अंधारात बसून राहतात, पण पलंगावरून खाली उतरत नाहीत म्हणून त्यांच्या हिशोबाने ती झोपच! शून्याचे दोन झाले. काकू त्या दिवशी आल्या नसत्या तर माझं रीडिंग चुकलं असतं आणि ते कुणाला कळलंही नसतं.

आणि आता हे बघ, झोपेचे एकूण ६ पॉइंट आहेत, म्हणजे एखाद्या गोळीने नुसती गुंगी आणली आणि माणूस तेवढाच उदास राहिला तरी स्कोअर तीन-चारने खाली येऊ शकतो, आणि गोळी व प्लॅसिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) यांच्यातला सरासरी फरक दोनच्या आसपास निघतो. तुला जे खटकलं ते बरोबरच खटकलं. त्याच्यावर अजून एक. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेल्या डिप्रेशनच्या औषधांच्या ७४ ट्रायल काढून बघितल्या, तर एफडीएच्या मते यशस्वी ३८ होत्या आणि त्यातल्या ३७ छापून आल्या, उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत आणि ११ तर यशस्वी वाटाव्यात अशा लिहून छापल्या. मला हे वाचून खूप राग आला होता, आजही येतो, कारण त्या प्रत्येक ट्रायलमध्ये माणसं आपलं दुखणं घेऊन येऊन बसली होती.

तरी मी याला सायन्स म्हणते आणि का ते सांगते. ही लपवाछपवी बाहेर काढली ती याच क्षेत्रातल्या माणसांनी, आणि त्यानंतर न छापलेल्या ट्रायलसुद्धा जमतील तेवढ्या शोधून २०१८ मध्ये चिप्रियानी यांच्या टीमने ५२२ ट्रायल आणि एक लाख सोळा हजारांच्या आसपास पेशंट एकत्र मोजले, तेव्हा तपासलेली सगळी म्हणजे २१ औषधं प्लॅसिबोपेक्षा सरस निघाली. फरक सरासरीत माफकच आहे, आणि सरासरी म्हणजे काहींना खूप फायदा, काहींना काहीच नाही, असंही असू शकतं.

तुमच्याकडेही आकडे फसवतातच की. २०२३ चं एलके-९९ आठवत असेल, नॉर्मल तापमानाला चालणारा सुपरकंडक्टर, म्हणजे अजिबात रेझिस्टन्स नसलेला पदार्थ, सापडला म्हणून जगभर गाजलं, तुकडा मॅग्नेटवर अर्धवट तरंगताना दिसत होता, १०४ डिग्री सेल्सियसच्या आसपास रेझिस्टन्स धाडकन पडत होता. मग लोकांनी स्वतः करून बघितलं तर कळलं की त्याच तापमानाला कॉपर सल्फाइड आपली रचना बदलतं आणि ते त्या सॅम्पलमध्ये भेसळ म्हणून आलेलं होतं, आणि शुद्ध क्रिस्टल केला तर तो चक्क इन्सुलेटर, म्हणजे वीज वाहू न देणारा, निघाला. आमच्याकडचं एलके-९९ म्हणजे इन्सुलिन कोमा. १९३० च्या दशकात सुरू झालं, स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला इन्सुलिन देऊन बेशुद्ध करायचे, खास वॉर्ड, खास नर्सेस, पेशंट सुधारायचेही. १९५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी अर्ध्या पेशंटना इन्सुलिन दिलं आणि अर्ध्यांना दुसऱ्याच औषधाने बेशुद्ध केलं, बाकी सगळी देखभाल सारखी. फरक काहीच नाही! इतकी वर्षं जे सुधारणं दिसत होतं ते इन्सुलिनचं नव्हतं, त्याच्या आजूबाजूच्या काळजीचं असावं. भेसळ तिथेही होती, फक्त ती ओळखायला तुम्हाला दोन-चार आठवडे लागले आणि आम्हाला वीसेक वर्षं, आणि त्या काळात माणसं दगावली.

प्रश्न: नमस्कार. माझ्या आईला बायपोलरसाठी लिथियम दिलंय. मुलाने सांगितलं की हे तर मोबाइलच्या बॅटरीत असतं, तेव्हापासून आई गोळी हातात घेऊन बसते, तोंडात घालायची हिंमत होत नाही. खरंच तेच असतं का? आणि दर थोड्या दिवसांनी रक्त का तपासायला सांगतात?
– एक मुलगी

उत्तर: ताई, मूलद्रव्य तेच आहे, पण आईंना सांगा की जेवणातल्या मिठात सोडियम आहे आणि पाण्यात टाकल्यावर पेट घेणारा धातूही सोडियमच आहे, म्हणून आपण मीठ टाकून देत नाही. गोळीत असतं ते लिथियम कार्बोनेट, एक साधा क्षार. बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू, बॅटरी चार्ज होताना आणि वापरताना ग्राफाइट आणि कोबाल्ट ऑक्साइडसारख्या पदार्थांच्या थरांमध्ये आतबाहेर सरकत राहतात, त्या कामासाठी २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. दोन्हीकडे कामाला येतो तो हलका, छोटासा आयनच. मेंदूत तो नेमकं काय करतो याबद्दल बरेच अंदाज आहेत, एकमत नाही.

औषध म्हणून गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. जॉन केड नावाचे डॉक्टर होते, त्यांना वाटायचं की मॅनियाच्या (बायपोलरमधल्या अति उत्साहाच्या, बेभान अवस्थेच्या) पेशंटच्या लघवीत काहीतरी विषारी असणार, म्हणून ते गिनीपिगवर प्रयोग करत होते आणि लघवीतलं युरिक ॲसिड नीट विरघळावं म्हणून त्याचा लिथियमचा क्षार घेतला, तर प्राणी शांत पडून राहिले. मूळ कल्पना चुकीची होती. पण त्यांनी पुढे दहा मॅनियाच्या पेशंटना लिथियम दिलं आणि १९४९ मध्ये छापलं. पहिला पेशंट पाच वर्षं मॅनियात होता, तो बरा होऊन घरी गेला, आणि ताई, हेही सांगायलाच हवं की त्याच माणसाचा १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. तेव्हा रक्तातलं प्रमाण मोजायची पद्धत रुळलेली नव्हती. तुमच्या आईचं रक्त तपासतात ते त्यासाठी.

साधारण ०.६ ते १.० मिलिमोल दर लिटरला एवढं प्रमाण ठेवतात, १.५ च्या वर गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, म्हणजे फायदा आणि विष यांच्यात फारच थोडं अंतर. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं, त्यामुळे त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच, आणि ही गोष्ट घाईत कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितेय. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते, अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की ती लिथियमही धरून ठेवते, म्हणून उलट्या-जुलाब, खूप घाम, अचानक मीठ बंद करणं, आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, या सगळ्यांनी प्रमाण चढतं. हात जास्तच थरथरले, तोल गेला, बोलणं जड झालं तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. थायरॉइड आणि किडनीची तपासणी पण अधूनमधून होत असेल, ती चुकवू नका.

आणि वरच्या विद्यार्थ्यानेही हे वाचावं. १९६८ मध्ये ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये सरळ विचारलं की लिथियमने आजार परत येत नाही म्हणता, ही अजून एक दंतकथा तर नाही? डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते झोंबलं, पण उत्तर म्हणून त्यांनी लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ पेशंटची ट्रायल केली, काहींचं लिथियम चालू, काहींना न कळता प्लॅसिबो. पाच महिन्यांत प्लॅसिबोवर २१ जणांचा आजार उलटला. लिथियमवर एकाचाही नाही. इन्सुलिनला विचारला तसलाच प्रश्न, आणि लिथियम त्यातून उभं राहिलं.

प्रश्न: ब्रेन स्कॅन करून डिप्रेशन आहे की नाही कळतं का? रंगीत फोटो बघितलेत.
– एक वाचक

उत्तर: आज तरी नाही. ट्यूमर वगैरे दुसरं काही नाही ना हे बघायला स्कॅन करतात ते ठीक, पण डिप्रेशनचं निदान बोलूनच होतं. ते रंग म्हणजे मेंदूचे हजारो ठिपके वेगवेगळे तपासून, कुठे रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल बदलला याचं गणित असतं, आणि इतके ठिपके तपासले की काही योगायोगानेच पेटणार. २००९ मध्ये संशोधकांनी मेलेला सालमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, असे योगायोगाचे ठिपके गाळायची गणितातली दुरुस्ती केली नाही तर माशाच्या मेंदूतही ठिपके पेटलेले दिसले, दुरुस्ती केल्यावर गेले.

प्रश्न: वडिलांना हार्टच्या औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत. त्यांच्या वाट्याला प्लॅसिबो आला तर नुकसानच ना?
– एक मुलगा

उत्तर: दादा, तसं आधी सांगता येत नाही, म्हणून तर ट्रायल. १९८० च्या दशकात हार्ट अटॅकनंतर ठोके चुकत असतील तर ते ठोके दाबणारी औषधं सर्रास द्यायचे, ईसीजी छान दिसायचा. कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये त्यातली दोन औषधं आणि प्लॅसिबो साधारण निम्म्या निम्म्या अशा १४९८ पेशंटना दिली, तर औषधावर ६३ जण दगावले आणि प्लॅसिबोवर २६. ठोके सुधारले होते, माणसं जात होती.

वडिलांची आत्ताची औषधं चालू राहणार का हे पहिलं विचारा, कारण बहुतेक ट्रायलमध्ये नेहमीच्या उपचारांवर भर म्हणून नवीन औषध किंवा प्लॅसिबो देतात, पण गृहीत धरू नका. काही बिघडलं तर खर्च कोण करणार, रात्री कुणाला फोन करायचा, मधे सोडलं तर नेहमीचे उपचार तसेच मिळणार ना, हे संमतीपत्रात लिहिलेलं असायला हवं. ते पत्र घरी घेऊन या, वडिलांना स्वतः वाचू द्या, आणि तिथल्या तिथे सही करा म्हणून घाई करत असतील तर सही करू नका.