फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणू नकोस

ताई, मी सहावीपासून मराठवाड्यातल्या एका नवोदयमध्ये, म्हणजे सरकारी निवासी शाळेत आहे. यंदा नववीत मायग्रेशनला (दुसऱ्या राज्यातल्या नवोदयशी मुलांची अदलाबदल) माझं नाव लागलं आणि वर्षभरासाठी उत्तर प्रदेशात आलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘मेरेको नहीं समझा’ म्हणालो, तेव्हापासून मला ‘मेरेको’ अशीच हाक मारतात. जेवण जात नाही. घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणतो. कधी कधी वाटतं, रात्री गेटवरून उडी मारावी आणि गाडी पकडावी.
– नववीतला मुलगा

गाडीचं आधी बोलू. ते डोक्यातून काढ. हजारभर किलोमीटर, एकटा, तेही न सांगता? पुन्हा तसं वाटलं तर हाउस मास्टरांना उठव, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. चिडले तर चिडू देत. तिथे कुणीच दाद दिली नाही तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे, फुकट लागतो.

सहावीत घर सोडलंस तेव्हाही रडला असशीलच. पण तेव्हा सगळेच नवे होते, रडायलाही सोबत होती. आता जमलेल्या पंगतीत तू एकटा उशिरा आलायस, म्हणून जास्त जड जातंय. तू कच्चा आहेस म्हणून नव्हे.

नवोदयमधली नववीची साधारण तीस टक्के मुलं अशी हिंदी आणि बिगरहिंदी भागांत जातात, हे तुला ठाऊकच आहे. पण ही अदलाबदल असते रे. तिकडचाही कुणीतरी मराठवाड्यात आलाय आणि तुझ्याच मेसमध्ये भाजी चिवडत बसला असेल. त्याचा जिगरी दोस्त तुझ्या वर्गात एकटा पडलाय. तो कोण, ते शोधून काढ. अख्ख्या वर्गाला जिंकायच्या भानगडीत पडू नकोस, हा एक पुरे. आणि तुझ्या जुन्या मित्रांना निरोप दे, तिकडे आलेल्या पोराला जरा सांभाळून घ्या म्हणावं.

‘मेरेको’वर एकदा तूही हसून टाक. त्यांना ‘कावळा’ म्हणायला लाव, मग बघू कोण हसतंय. मात्र कुणी अंगावर हात टाकला, वस्तू लपवल्या, झोपू दिलं नाही, तर ती थट्टा राहत नाही. नावानिशी तक्रार कर. त्याला चुगली म्हणत नाहीत.

मला खटकलं ते फोनचं. आईला खोटं सांगून तू तिची काळजी वाचवत नाहीयेस, स्वतःचा आधार तेवढा तोडतोयस. पुढच्या फोनला एकच खरी गोष्ट सांग. ‘आई, इथल्या भाजीला मोहरीचं तेल असतं, वासानंच घास उतरत नाही.’ बस, एवढंच. (हे वाचणाऱ्या आईबाबांनो, पोर रडलं की लगेच ‘ये निघून’ म्हणू नका. आज काय खाल्लं, शेजारच्या खाटेवर कोण आहे, ते विचारा.)

आणि थंडीचं बघ. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडलं की दिवसदिवस ऊन दिसत नाही, आपल्याकडच्या पातळ स्वेटरनं भागायचं नाही. दिवाळीला घरी आलास की कानटोपी, जाड स्वेटर आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घेऊन जा. चटणी कुलपात ठेव. एकदा चव कळली की डबा दोन दिवस टिकायचा नाही.