एअर फिल्टर बदलला, तर एसीची वॉरंटी कशी गेली?

प्रश्न : ताई, मी वारज्याला राहतो. दीड वर्षापूर्वी टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली, वॉरंटी ३ वर्षांची आहे. दिवाळीत नाना पेठेतून परफॉर्मन्स एअर फिल्टर आणून घरीच बसवला. गेल्या महिन्यात एसी थंड करेना. सर्व्हिस सेंटरमध्ये बॉनेट उघडलं आणि फिल्टर बघताच म्हणाले, "सर, गाडी मॉडिफाइड आहे, वॉरंटी बसणार नाही." कॉम्प्रेसरचं एस्टिमेट २८ हजारांचं दिलंय. अमेरिकेत म्हणे कंपनीला असं करताच येत नाही. पुढे रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि एक्झॉस्टही करायचा विचार होता. करू का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : पहिलं म्हणजे, ते २८ हजार अजून भरू नका.

हडपसरच्या एका वर्कशॉपात मी १९ वर्षं वॉरंटीच्या टेबलाला होते. काउंटरच्या मागे काय चालतं ते कळलं तर तुमचा राग थोडा निवळेल. वॉरंटीत भाग बदलला की त्याचे पैसे कंपनी डीलरला देते, पण त्यासाठी जॉब कार्ड, स्कॅनरचा प्रिंट, बिघडलेल्या भागाचा फोटो असं सगळं वर पाठवावं लागतं. जुना भागही टॅग लावून जपून ठेवायचा. पुढे ऑडिटला आलेल्या माणसाला फोटोच्या कोपऱ्यात तुमचा लाल फिल्टर दिसला, तर दिलेले पैसे डीलरच्या खात्यातून परत जाऊ शकतात. म्हणून समोरचा मुलगा फिल्टर बघूनच हात वर करतो. तो तुम्हाला नियम सांगत नसतो, घाबरलेला असतो. मीही हे केलंय. बाहेरून हॉर्न बसवलेल्या एका गाडीचा पॉवर विंडोचा क्लेम मी गाडी न बघताच परत केला होता. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाई, हॉर्नमुळे काच कशी अडकते, तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लेम पाठवला आणि तो पासही झाला.

तुम्ही तोच प्रश्न विचारा, फक्त लेखी. कुठला भाग बिघडला, कशाने बिघडला आणि त्याला फिल्टर कसा कारणीभूत, हे सही-शिक्क्यानिशी द्या म्हणावं. कॉम्प्रेसर बिघडतो तो गॅस गळून, क्लचची कॉइल जळून, नाहीतर बेअरिंग जाऊन. इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरशी त्याचं नातं जोडून दाखवणं कुणालाही जड जाईल. (एसीचा केबिन फिल्टर वेगळा. त्याला हात लावला नसेल असं धरून चालते.) तोंडी नकाराला काही लागत नाही. कागदावर कारण लिहायची वेळ आली की बरेच नकार तिथेच विरघळतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय.

तुम्ही म्हणता तो अमेरिकेचा कायदा म्हणजे १९७५ चा मॅग्नसन-मॉस. यूट्यूबवर त्याचं फार कौतुक चालतं, पण तो इथे लागू नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रकरणात आदेश दिला. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असं त्यात आहे. आदेश गॅरेजच्या कामाबद्दल आहे, परफॉर्मन्स पार्टबद्दल नाही, आणि काही कंपन्या त्यावर अपिलातही गेल्या. त्यामुळे तो ब्रह्मास्त्र समजू नका. पण "जेवढं नुकसान, तेवढ्यापुरतंच" हा मुद्दा पत्रात जरूर घाला.

त्याआधी ग्लोव्ह बॉक्समधली वॉरंटी पुस्तिका काढून वाचा. "बदलामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही" असं छापलंय, की "बदल केल्यास वॉरंटी संपुष्टात येईल" असं? पहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. दुसरं असेल तर भांडण लांबेल. लेखी उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी ५० लाखांच्या आतली असल्याने तक्रार तिथेच जाते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. गरज पडली तर आयोग बिघडलेली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून जुना कॉम्प्रेसर त्यांच्या ताब्यात देऊन मोकळे होऊ नका.

आता रीमॅप. करू नका, निदान वॉरंटी संपेपर्यंत. फिल्टर आणि एसीचं नातं नाही म्हणून आत्ता तुम्ही भांडू शकता. रीमॅपमध्ये टर्बोचा बूस्ट वाढतो, टॉर्क वाढतो, आणि त्याचा ताण टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन सगळ्यांवर येतो. यातलं काहीही गेलं तर नातं दाखवायला कंपनीला कष्ट पडणार नाहीत. ट्यूनर सांगतो, "सर्व्हिसच्या आधी या, स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ फाइल परत टाकून देतो." फाइल मूळची होते, पण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किती वेळा फ्लॅश झाला (त्यात नवं सॉफ्टवेअर टाकलं) याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते. इंजिनाचा जोर वाढवायला बाहेरून जोडायचा आणि काढून ठेवता येणारा ट्यूनिंग बॉक्सही तितकासा सुरक्षित नाही. फॉल्ट आला त्या क्षणाचे आकडे ईसीयू साठवून ठेवतो, आणि ते वाचता येणारा माणूस वर्कशॉपात असतोच. ताम्हिणीच्या चढावर मिळणाऱ्या त्या जोरासाठी दीड वर्षाची वॉरंटी पणाला लावायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा भाग बदलला तर इंजिनाच्या वॉरंटीला सहसा धोका नाही. आवाज मात्र मर्यादेत हवा. कन्व्हर्टर काढून नुसता पाइप टाकाल, तर चेक इंजिनचा दिवा लागेल, पीयूसीला अडकाल आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंडही होऊ शकेल.

तुमचा तो फिल्टर तेलाचा असेल तर धुतल्यावर तेल बेतानेच लावा. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे जादा तेल त्याच्या तारेवर बसतं, आणि त्या सेन्सरचा क्लेम नाकारला तर मी कंपनीच्या बाजूने बोलेन. खरं सांगू? त्या फिल्टरने पॉवर कमी आणि आवाज जास्त वाढतो. मेट्रोच्या खोदकामाच्या धुळीत मला कागदी फिल्टरच बरा वाटतो. जुना फिल्टर फेकला नसेल तर तो, खोका आणि बिल एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. आणि फॉग लॅम्पसाठी कधीही मूळ वायर कापू देऊ नका, कपलर-रिलेचं हार्नेस मिळतं. माझ्या टेबलावर इंजिनापेक्षा कापलेल्या वायरींनीच जास्त क्लेम बुडाले.

प्रश्न : मुलाला १५ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय लावायची आहेत. सध्याचे टायर १८५/६५ आर १५. वॉरंटी जाईल का?
— एक आई, सहकारनगर

उत्तर : टायरची वॉरंटी टायर कंपनी देते, गाडीची कंपनी नाही. प्रश्न येतो तो सस्पेन्शन आणि व्हील बेअरिंगचा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १६ इंची चाक देत असेल तर डोळे झाकून तेच माप घ्या. देत नसेल तर १९५/५५ आर १६ बघा. त्याचा बाहेरचा व्यास सध्याच्या टायरपेक्षा मिलिमीटरभरही वेगळा नाही. २०५/६० आर १६ घेतला तर व्यास जवळजवळ ५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ला असेल. टायरवरचा लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघायला सांगा. सध्याच्या टायरवर ८८ असेल तर नव्यावर ८७ चालणार नाही. १९५/५५ मध्ये ९१ चा मिळतो, तो घ्या. आणि दुकानदाराला जुनी चाकं विकू देऊ नका, बाल्कनीत ठेवा. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता वर्षभरात मुलगाच ती परत मागेल.